कव्हराच्या आतल्या घडीत

शाळेत मला चावीवाल्या मॅडम म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण शाळेत पाठीमागचं बोलणं कानावर यायला फार वेळ लागत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते नाव आवडायचं. नऊ कपाटांच्या नऊ चाव्या एका जुडग्यात माझ्या कमरेला असत. मी व्हरांड्यातून चालले की चाव्यांचा आवाज माझ्या आधी पोचायचा आणि ग्रंथालयाच्या दाराशी घोटाळणारी पोरं पांगायची.

राग माझ्या नाकावर असतो, हे घरचेही सांगतील. पण कपाटं बंद ठेवण्यामागे नुसता राग नव्हता, भीतीही होती. शाळेच्या ग्रंथपालाला ही भीती पहिल्या दिवशी चिकटते. निवृत्तीच्या वेळी दाखल नोंदवही उघडून एकेक पुस्तक ताडून पाहतात, आणि जे सापडत नाही त्याचा जाब आपल्याला द्यावा लागतो. माझ्या आधीच्या गुरुजींनी चाव्या हातात ठेवताना एवढंच सांगितलं होतं की पुस्तक कोणी वाचलं नाही तर कोणी विचारत नाही, हरवलं तर सगळे विचारतात. मी हे वाक्य पंचवीस वर्षं पाळलं. त्यातली पहिली बारा वर्षं तर अर्धवेळ ग्रंथपाल होते; अर्धा वेळ पुस्तकांचा आणि उरलेला शिष्यवृत्तीचे अर्ज, निवडणुकीच्या याद्या, गैरहजर शिक्षकांचे तास. कोणी मला काही शिकवलं नाही, आणि शिकायचं राहिलंय असं मलाही वाटलं नाही.

आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायची पद्धत होती. नवं पुस्तक आलं की आधी शिक्का, मग नंबर, मग कव्हर. शिपाईदादा मैद्याची खळ शिजवून आणत आणि झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकत. त्या खळीचा वास अजून माझ्या नाकात आहे. कव्हर घातलं की सगळी पुस्तकं सारखी दिसत, राजाची गोष्ट काय आणि गांडूळखत काय. वरच्या बाजूला पेनानं नाव लिहायचं, बस. पुस्तक टिकलं पाहिजे, त्याला नटवायचं कशाला, असं माझं मत होतं.

ती मुलगी पहिल्यांदा माझ्यासमोर आली ती शिक्षेसाठी. सहावीत होती. घरी नेलेलं पुस्तक तिनं भिजवून आणलं होतं. पानं फुगून पापडासारखी झाली होती.

"काऊन गं, नाल्यात पोहायले नेलं होतं का पुस्तक?"

"घर गळते, मॅडम," ती म्हणाली. "मी डोक्याखाली घेऊन झोपली होती."

मी तिला वीस पुस्तकांना कव्हरं घालायची शिक्षा दिली. मधल्या सुट्टीत ती यायची, माझ्या टेबलामागे जमिनीवर बसायची आणि कात्रीनं कागद कापायची. वीस पुस्तकं आठवड्यात संपली. पुढच्या सोमवारी ती पुन्हा येऊन बसली. शिक्षा संपली, जा, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "जुन्यायचे कव्हर फाटले हायेत ना." मी काही बोलले नाही, आणि माझ्याकडे न बोलणं म्हणजे परवानगी असते, हे तिला कसं कोण जाणे कळलं.

तीन वर्षं ती येत राहिली. तिचं अक्षर सुरेख होतं. गोल, ठसठशीत, शिरोरेषा सुरू करताना डावीकडे एक छोटीशी वेलांटी काढायची. त्यांच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला फळ्यावर लिहायला तिलाच बोलवत, असं नंतर कळलं. साडेतीनशेच्या वर पुस्तकांना तिच्या हातची कव्हरं होती. मी तिचं कौतुक कधी केलं नाही. केलं तर डोक्यावर मिरे वाटेल, असं मला वाटे. एकदा मात्र माझ्या डब्यातला तिळाचा लाडू दिला होता. तो तिनं कागदात बांधून घरी नेला.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायची आणि तिचा मला फार राग यायचा. ग्रंथालयाच्या तासाला मी पुस्तकं टेबलावर मांडली की पोरं पुस्तक उघडून वाचण्याऐवजी कव्हराची मागची घडी बोटानं उचकटून आत डोकवायची, मग ते ठेवून दुसरं उचलायची. "कव्हराशी चाळे करू नका, फाटते थे!" मी ओरडायचे. पोरं हसू दाबायची, आणि टेबलामागे बसलेली ही मान खाली घालायची.

आठवीत असताना तिनं मला एकदाच काहीतरी मागितलं. माझ्या खुर्चीच्या मागे एक कपाट होतं. त्यात चांगली, चित्रांची, नवी पुस्तकं मी ठेवत असे, आणि ती मागायला पोरं भीत. ती म्हणाली, "मॅडम, हे एक कपाट मधल्या सुट्टीत उघडं ठेवू का? मी इथंच बसते. एकही पुस्तक जाऊ नाई देणार."

"तुझं काम कर," मी म्हणाले. "शहाणपणा नको शिकवू."

तिनं पुन्हा विचारलं नाही.

नववीत गेल्यावर भाद्रपदात तिला ताप आला. आधी गावातला डॉक्टर, मग आर्वी, मग वर्धा. पाचव्या दिवशी परिपाठानंतर मुख्याध्यापकांनी सांगितलं आणि सगळी शाळा दोन मिनिटं उभी राहिली. माझ्या कमरेच्या चाव्या वाजू नयेत म्हणून मी त्या मुठीत धरल्या होत्या. शिक्षक तिच्या घरी जाऊन आले. मी गेले नाही. अशा घरी काय बोलायचं ते मला सुचत नाही, असं मी सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण त्याहून खरं असं की तिच्या आईनं मला विचारलं असतं, तुम्ही कोण, तर मी काय सांगणार होते?

तिच्या नावावर एक पुस्तक निघत होतं. वाचकांच्या पत्रकांतून तिचं पत्रक मी काढलं. शेरा लिहायचा होता, लिहिला नाही. पत्रक ड्रॉवरच्या तळाशी ठेवून दिलं.

पुढच्या वर्षी वर्ध्याला ग्रंथपालांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. नोकरीतलं पहिलं. निवृत्तीला एकच वर्ष उरलेलं असताना मला काय शिकवणार, म्हणून मी कुरकुरत गेले. शिकवणारी ताई माझ्या मुलीच्या वयाची होती आणि आमच्याबरोबर खाली सतरंजीवर बसली. तिनं विचारलं, "तुमच्या ग्रंथालयात शिरल्यावर मुलाला पहिल्यांदा काय दिसतं?" कोणी म्हणालं, फळा. कोणी म्हणालं, फोटो. माझी पाळी आली तेव्हा मी खरं बोलून गेले, "मी दिसते." सगळे हसले. ती हसली नाही. तिनं ते फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याखाली लिहिलं, मग मूल काय करतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला पवनारकडच्या एका लहानशा शाळेत नेलं. एकच खोली. दारं नसलेल्या फळ्यांवर पुस्तकं मुखपृष्ठ पुढे करून ठेवलेली, खाली चटया, आणि एक पोरगं चक्क पालथं पडून वाचत होतं. भिंतीला दोरी बांधून तिला चिठ्ठ्या अडकवल्या होत्या. पुस्तक वाचल्यावर मुलानं दुसऱ्या मुलासाठी एक ओळ लिहायची, आवडलं की नाही, का नाही. मी त्या दोरीसमोर बराच वेळ उभी होते. दुपारी धाम नदीच्या काठावर डबे उघडले. पंचवीस वर्षं मी पुस्तकांची राखण केली होती, आणि ती कोणापासून, हे मला त्या काठावर कळलं.

आर्वीमार्गे परतताना एसटीत मी सगळं ठरवून टाकलं. माझं असंच आहे, करायचं नाही तर पंचवीस वर्षं करायचं नाही, आणि करायचं म्हटलं की आजच्या आज. मुख्याध्यापक नको म्हणत होते, तरी मी सुताराकडून नऊही कपाटांची दारं काढून घेतली. चटया आणल्या. आणि पुस्तकांची मुखपृष्ठं दिसावीत म्हणून शिपाईदादांना घेऊन कव्हरं काढायला बसले.

दोन दिवस आम्ही कव्हरं फाडत होतो. मला सांगायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटत होतं. खाकीच्या आतून लाल, निळी, हिरवी पुस्तकं निघत होती, आणि जुन्या मला मी सोलून काढतेय असं वाटत होतं. एकदा शिपाईदादा थांबले. हातातलं कव्हर उलटसुलट करून म्हणाले, "मॅडम, पोरीचं अक्षर हाय. ठेवायचे का काही?" मी एकदा त्या वेलांटीकडे पाहिलं. मग मी म्हणाले, "नावं तर मुखपृष्ठावर छापलेलीच आहेत, दादा. कुठं ठेवता हा पसारा." सहा पोती कागद निघाला. तो मी खिचडी शिजवणाऱ्या बाईंना दिला. त्यांची चूल तीन दिवस त्यावर पेटली.

मुलं आली, चटयांवर लोळली, चित्रं पाहिली. मी दोरी बांधली, कोऱ्या चिठ्ठ्यांची थप्पी ठेवली. पण दोरी रिकामीच राहिली. पोरं फळ्यांपुढे उभी राहून इकडेतिकडे बघत आणि विचारत, "मॅडम, यातलं कोणतं घेऊ?" मी म्हणायचे, "सगळी चांगली आहेत." पूर्वी ती एवढं विचारत नसत. मला वाटलं, सवय नाही, होईल हळूहळू.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका शनिवारी सकाळची शाळा सुटताना एक बाई दाराशी आली. चपला बाहेर काढल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तुम्ही कोणाच्या आई, असं मी विचारणार तेवढ्यात तिनं पिशवी सोडली. आत खाकी कव्हर घातलेलं पुस्तक होतं, आणि त्यावर ती वेलांटी.

"माह्या पोरीकडे होतं. शाळेचं हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात म्हणे, वापस द्याचं हाय, मॅडम बोलन. मलेच हात लावू वाटला नाई इतके दिवस."

मी पुस्तक घेतलं. बसा म्हणाले. ती खाली चटईवर टेकली आणि फळ्यांकडे पाहू लागली.

"बाकीचे कुठं हायेत, मॅडम? तिनं लिहिलेले? मले पाहाचे होते."

आणि पंचवीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. "ती कपाटात आहेत. चावी नाही आज. मंगळवारी या."

तिनं नऊही कपाटांवरून नजर फिरवली. एकालाही दार नव्हतं. "कुलूप तं कुठंच दिसून नाई राह्यलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मग मी सांगितलं. प्रशिक्षण, दारं, कव्हरं, चूल. सांगताना मला माझाच आवाज परका वाटत होता. ती ऐकत होती. मग तिनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटं केलं, मागच्या कव्हराची घडी बोटानं अलगद उचकटली आणि माझ्यापुढे धरली. आतल्या बाजूला, जिथं मी कधी पाहिलं नव्हतं, तिथं बारीक अक्षरात एक ओळ होती.

"गोष्टीच्या मधात रडू नका. बकरी शेवटी घरी येते."

"सगळ्यायमंधी लिहे ती," आई म्हणाली. "ज्या लेकराले घ्याचं हाय त्याले आधीच मालूम पडावं म्हणून. रोज संध्याकाळी सांगे मले, आज हे लिहिलं, आज थे लिहिलं. तुमाले नोहतं मालूम?"

मी नकारार्थी मान हलवली.

"पेटवायच्या आधी एखादं तरी वाचलं होतं का तुमी?"

"नाही."

मी रडायला लागले होते, पण तिच्यासमोर रडायचा मला काय अधिकार, म्हणून पदर तोंडावर धरला. पोरं कव्हरं का उचकटायची, आता का विचारतात, सगळं एकदम कळलं. जी दोरी पाहून मी पवनारला हरखले होते, ती माझ्या पाठीमागे जमिनीवर बसून तीन वर्षं कोणीतरी बांधत होतं. मी ती सहा पोत्यांत भरून चुलीत घातली, आणि त्याला सुधारणा म्हटलं.

"तिच्या वह्या असतील ना घरी?" मी विचारलं. काहीतरी शिल्लक असावं अशी माझीच धडपड.

"हायेत. पण वह्यायमंधी फळ्यावरचं उतरवलेलं हाय. हे तिच्या मनातलं होतं."

मी पुस्तक तिला परत द्यायला लागले. घेऊन जा, म्हणाले. तिनं हात मागे घेतला. "नाई, शाळेचं हाय. ती बोलली होती ना, वापस द्याचं."

तेव्हा मला एकच सुचलं. ड्रॉवरच्या तळातून मी ते पत्रक काढलं. त्यावर मुलीचं नाव, इयत्ता, आणि शेवटच्या रकान्यात ते एक पुस्तक. जमा म्हणून तारीख टाकली. मग त्याखालच्या ओळीत तेच पुस्तक पुन्हा दिलं म्हणून लिहिलं, त्याच पत्रकावर, त्याच नावानं, आणि शिक्का मारला. "पंधरा दिवसांनी आणा," मी म्हणाले. "मी पुन्हा नोंदवून देईन." नियमात हे कुठंच बसत नाही. ज्या वाचकाचं नाव पटावर नाही त्याला पुस्तक देता येत नाही. पण आयुष्यभर नियम पाळून मी काय मिळवलं होतं ते समोरच बसलेलं होतं.

ती आली. दर दुसऱ्या शनिवारी येते. पिशवीतून पुस्तक काढते, मी शिक्का मारते, मग ती चटईवर बसते आणि आठवेल तशी मुलीनं सांगितलेली एखादी ओळ मला सांगते. मी चिठ्ठीवर लिहिते. 'यात एकही भूत नाई, नावाले भिऊ नका.' 'हे दोन जणांनी मिळून वाचा.' 'पहिले चार पानं कंटाळवाणे हायेत, धीर धरा.' कोणत्या पुस्तकावरची ओळ, ते कधी तिला आठवतं, कधी आम्ही दोघी मिळून शोधतो. चिठ्ठ्या आता दोरीवर आहेत. मुलं त्या वाचून पुस्तकं नेतात, आणि दोन-चार जणांनी स्वतःच्याही लिहून अडकवल्या आहेत. पण अक्षर माझं आहे. मी ती वेलांटी काढून पाहिली, जमत नाही. पहिल्या चिठ्ठीवर आईनं बोट ठेवलं आणि फक्त म्हणाली, "असं नोहतं." त्यानंतर ती अक्षराबद्दल बोलली नाही.

साडेतीनशेतल्या अकरा ओळी झाल्या. बारावी येईना. दोन शनिवार ती नुसतीच बसून गेली. या जूनमध्ये मी निवृत्त होणार, तेव्हा पत्रकाचं काय होईल, ते मला माहीत नाही. दाखल नोंदवही ताडून पाहतील तेव्हा एक पुस्तक कमी भरेल. त्याचा जाब मी देईन.

मागच्या शनिवारी जाता जाता ती दाराशी थांबली.

"एक हाय अजून. पण तुमाले राग येईन."

"नाही येणार. सांगा."

"तुमच्या खुर्चीमागं जे कपाट होतं ना, त्यातल्या पुस्तकायवर ती एकच लिहे. सगळ्यायवर सारखंच." तिनं पहिल्यांदाच किंचित हसून माझ्याकडे पाहिलं. "मॅडमले भेऊ नका. त्या आधी रागावतात, मंग देतात."

मी चिठ्ठी घेतली, पेन उचललं, आणि लिहायला बसले. 'मॅडमले भेऊ नका. त्या आधी रागावतात,' इथपर्यंत लिहिलं. पुढचे दोन शब्द लिहायला हात उठेना. तिनं माझ्याकडे एकदाच काही मागितलं होतं, आणि ते मी दिलं नव्हतं.